बारा पानं, दहा प्रती: माझ्या पहिल्या आर्टिस्ट बुकचे वीस महिने

मुद्राचित्रं, म्हणजे प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं, करायला लागून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात मी सुटी प्रिंटच केली: एक प्लेट, एक कागद, एक फ्रेम. आर्टिस्ट बुक, म्हणजे कलाकाराने कलाकृती म्हणूनच केलेलं पुस्तक, करायचं बरीच वर्षं मनात होतं, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगणारं काही हाती लागत नव्हतं. एचिंगवर, म्हणजे ॲसिडने प्लेट कोरून छापण्यावर, लिहिणारे बांधणीपाशी येऊन थांबतात आणि बांधणीवर लिहिणारे छापलेलं पान वाळलेलंच आहे असं धरून चालतात. मधलं सगळं मला कागद वाया घालवून शिकावं लागलं. ते जसं घडलं तसं, तारखांसकट लिहिते आहे. कुणाचे चार कागद वाचले तरी पुरे.

पहिली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, केली जानेवारी २०२३ मध्ये. कल्पना साधी होती. एकाच खिडकीतून येणारा उजेड, पहाटेपासून रात्रीपर्यंत, बारा पानांत. पानं एकमेकांना जोडून झिगझॅग घडी घालायची, म्हणजे एकेक पान उलटत जाता येईल आणि टेबलावर उभं करून सगळा दिवस एकदम पाहताही येईल. बंद असताना १५ बाय २१ सेंटिमीटर, उलगडल्यावर १८० सेंटिमीटर लांब. दिवसाच्या प्रत्येक वेळेला तिचं तंत्र हवं होतं. चार पानं ॲक्वाटिंटची (ॲसिडने सपाट छटा आणणारं एचिंग), तीन व्हिस्कॉसिटीची (एकाच प्लेटवर अनेक रंग), दोन कोलोग्राफची (वस्तू चिकटवून केलेली प्लेट), एक फोटोपॉलिमर (फोटोवरून, उजेडाने तयार होणारी प्लेट), एक नुसत्या रेषांचं एचिंग आणि सातवं, भर दुपारचं पान, ड्रायपॉइंटचं (ॲसिडशिवाय, सुईने ओरबाडलेली प्लेट). बाहेर ऊन इतकं की खोली आतून काळीभोर दिसते, तो क्षण. तसला मखमली काळा रंग मला दुसऱ्या कुठल्या तंत्रात मिळाला नसता.

डमी एक नाही, पाच केल्या. तिसरी उलटताना एक गोष्ट कळली आणि सगळा क्रम बदलावा लागला. भिंतीवरचं प्रिंट माणूस समोर उभं राहून पाहतो. पुस्तकातलं पान तो आधीचं पान सोडता सोडता पाहतो. माझी दोन सगळ्यात गडद पानं एकमेकांना लागून होती, त्यामुळे दुसऱ्याचा गडदपणा डोळ्याला लागतच नव्हता. मधे जवळजवळ कोरं पान घातल्यावर दोन्ही उठून दिसली. हे रेखाटनवहीत कळलं नसतं. डमी शक्यतो छपाईच्या कागदाचीच करा. पातळ कागदाची डमी सुबक होते, पण पुस्तक बंद केल्यावर किती जाड होणार आणि जोडांच्या बाजूला किती फुगणार हे तिच्यावरून समजत नाही.

मार्च ते मे प्लेट्स केल्या. एचिंगच्या पानावर एक छोटा मजकूर होता, माझ्याच हाताने लिहिलेल्या चार ओळी. इंग्रज कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने १७८८ च्या सुमारास मजकूर आणि चित्र एकाच तांब्याच्या प्लेटवर घ्यायची पद्धत बसवली, तेव्हापासून असं काम करणाऱ्या प्रत्येकाला उलटं लिहायला शिकावं लागतं. मी महिनाभर सराव केला. अक्षरं उलटी लिहिणं लवकर जमलं, कारण शिरोरेषा आधाराला असते. फसवलं ते वेलांटीने. ‘दि’ उलटा लिहिला की प्लेटवर ती वेलांटी द च्या उजवीकडे येते आणि डोळ्याला तो ‘दी’ दिसतो. हाताला वाटतं आपण चुकलो, आणि तो वेलांटी उचलून सवयीच्या जागी, डावीकडे ठेवतो. पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, ओढलं तेव्हा ‘दिवस’ ऐवजी ‘दीवस’ छापून आला होता. प्लेट ॲसिडमधून निघाली होती, रेषा खोल गेल्या होत्या. स्क्रेपरने खरवडून, बर्निशरने घासून ती दोन अक्षरं सपाट करायला पूर्ण दिवस गेला. तिथे नीट पाहिलं तर अजूनही एक पुसट राखाडी डाग दिसतो. उलटा मजकूर लिहायचा असेल तर ग्राउंडवर, म्हणजे प्लेटवरच्या ॲसिडरोधक थरावर, सुई लावण्याआधी ट्रेसिंग पेपरवर सरळ लिहा, कागद उलटा करून तो प्लेटवर उतरवा, आणि ॲसिडमध्ये टाकण्याआधी प्लेट आरशात वाचा. मी आता दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेते.

तांब्यासाठी मी फेरिक क्लोराइड वापरते. त्यातून नायट्रिकसारख्या वाफा निघत नाहीत, पण त्याचा गाळ रेषांमध्ये बसतो आणि खालचं तांबं खाल्लं जायचं थांबतं. म्हणून प्लेट आडवी न ठेवता उभ्या टाकीत टांगावी. ॲक्वाटिंटसाठी प्रत्येक वेळी आधी टाकाऊ तुकड्यावर वेळेची पट्टी काढली: ३० सेकंद, १ मिनिट, २, ४, ८. हवा गार असली की तेच द्रावण मंद खातं, त्यामुळे मागच्या महिन्याच्या पट्टीवर भिस्त ठेवता येत नाही.

व्हिस्कॉसिटीची तीन पानं माझ्या सगळ्यात जवळची आहेत. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या, पुढे अतलिए १७ म्हणून ओळखल्या गेलेल्या स्टुडिओत कृष्णा रेड्डी आणि कायको मोती या भारतीय मुद्राचित्रकारांनी या पद्धतीवर मूलभूत काम केलं. एकाच प्लेटवर, एकाच दाबात अनेक रंग. तत्त्व असं की, तेल घालून सैल केलेली शाई आधी कडक रोलरने प्लेटच्या वरच्या पातळीवर फिरवायची. मग घट्ट शाई मऊ रोलरने फिरवायची. मऊ रोलर दबून खोल भागात पोचतो आणि तिथे रंग ठेवतो, पण वर जिथे तेलकट शाई आधीच बसली आहे तिथे घट्ट शाई चिकटतच नाही. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात तेलाचे दोन थेंब कमीजास्त झाले की दोन्ही रंग मिसळून चिखल होतो. संध्याकाळच्या पानासाठी नारिंगी आणि जांभळा वेगळे राहायला मला सतरा प्रूफं लागली. अठराव्याला कागद उचलला तेव्हा जांभळा खाली शांत पसरला होता आणि त्याच्यावर नारिंगी कडा जशाच्या तशा उभ्या होत्या. मी तो कागद हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. तेलाचं प्रमाण मापून लिहून ठेवा, अंदाजावर सोडू नका. तीन आठवड्यांनी एडिशन, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या एकसारख्या प्रती, छापायला बसाल तेव्हा हाताला ते आठवत नाही.

जूनमध्ये कागद. मी पूर्ण सुती, ५६ बाय ७६ सेंटिमीटरचे ताव घेतले. इथे हिशेबाचा मोह होतो. कागदाचे तंतू घडीला समांतर ठेवले तर एका तावात नऊ पानं बसतात, ताव फिरवून कापला तर दहा. एक पान जास्त मिळतं म्हणून पहिले चार ताव मी फिरवून कापले. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. दोन दिशांची पानं वाळल्यावर शेजारी ठेवली तर एकाच प्लेटची चौकट एकीकडे जवळजवळ दोन मिलिमीटर बुटकी. सुट्या प्रिंटमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. झिगझॅगमध्ये बारा चौकटी एका रेषेत उभ्या राहतात. शिवाय तंतू आडवे असले की घडीवर कागद फुटतो. चार ताव प्रूफांसाठी बाजूला गेले.

त्या वेळी मी वीस प्रती धरल्या होत्या. अधिक दोन आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकाराच्या स्वतःच्या प्रती, आणि एक बॉन आ तिरे, म्हणजे ‘अशीच छापा’ म्हणून मंजूर केलेली आदर्श प्रत. तेवीस प्रती, बारा पानं, २७६ चांगले छाप. दर पाच चांगल्या छापांमागे एक वाया जाणार असं धरून ३७ ताव. वेळ मात्र मी कमी धरला होता. शाई भरणं, टार्लटनने, म्हणजे खरखरीत जाळीदार कापडाने, पुसणं, शेवटी तळहाताने पुसणं, कागद ठेवणं, ओढणं, पुन्हा प्लेट साफ करणं, यात सरासरी पंचवीस मिनिटं जातात. दिवसाला दहा चांगले छाप निघाले तर तो उत्तम दिवस. कागद आदल्या रात्री भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवायचा. सकाळी गालाला लावला तर गार लागला पाहिजे, पण पाण्याची चमक दिसता कामा नये.

जुलैपासून पानं क्रमाने छापायला घेतली: पहिलं, दुसरं, तिसरं. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सहा पानं झाली, १३८ चांगले छाप. त्याच महिन्यात एका परदेशी प्रदर्शनाची मुदत होती, म्हणून अर्ज भरला. एडिशनच्या रकान्यात २० लिहिलं.

ऑक्टोबरमध्ये सातवं पान घेतलं.

ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नसतं. सुईने तांबं सरळ ओरबाडायचं. ओरखड्याच्या काठाला धातूची जी बारीक कड उभी राहते तिच्यात शाई अडकते, आणि तो मखमली काळा रंग तिच्यामुळे येतो. प्रेसमधून प्रत्येक वेळी जाताना ती कड थोडी थोडी चपटी होते. हे मला माहीत होतं, पण सुट्या प्रिंटच्या माझ्या एडिशन नेहमीच लहान असत, त्यामुळे त्याचा चटका कधी बसला नव्हता. दहाव्या छापापर्यंत खोली काळीभोर होती. तेराव्यालाही होती. चौदाव्याला काळ्यात राखाडी शिरला. शाई जास्त भरून, कमी पुसून मी सतराव्यापर्यंत ओढत राहिले आणि प्रत्येक छाप आधीच्यापेक्षा फिका निघाला.

स्टुडिओत आमच्या एक ज्येष्ठ ताई आहेत. त्यांनी तेरावा आणि चौदावा छाप शेजारी ठेवून पाहिले.

“ही प्लेट संपली गं,” त्या म्हणाल्या.

“पुन्हा ओरबाडली तर?”

“तर ते दुसरं चित्र होईल. तुझ्या पुस्तकाच्या तेरा प्रती झाल्या, समज.”

त्या रात्री मला झोप आली नाही. सहा पानांचे प्रत्येकी दहा, म्हणजे साठ चांगले छाप उगाच पडून राहिले होते. फिके छाप घालून आकडा वीसवर नेता आला असता, आणि ते बहुतेक कुणाला कळलंही नसतं. पण ३/१० आणि ९/१० (दहातली तिसरी आणि नववी) या दोन प्रती एकसारख्या आहेत अशी ग्वाही आपण पेन्सिलीने सही करून देतो. खोलीतली दुपार नवव्या प्रतीत राखाडी असेल, तर ते पुस्तक वेगळं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: १० प्रती, २ आर्टिस्ट प्रूफ, १ बॉन आ तिरे. उरलेली पाच पानं तेरा-तेराच छापली.

पुस्तक छापणाऱ्याला मला यातून एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सगळ्यात नाजूक प्लेट सगळ्यात आधी छापा. पुस्तकाची एडिशन तिच्या आकड्यावर ठरते, बाकीच्या अकरा प्लेट्स कितीही दणकट असोत. प्लेटवर स्टील फेसिंग करायची, म्हणजे विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवायची सोय तुमच्या आवाक्यात असेल, तर ते एडिशनच्या आधी करा, कड चपटी झाल्यावर नाही. आणि ड्रायपॉइंटची प्रूफं मोजून ओढा. प्रूफांनीही ती झिजते, आणि मी आधी दोन ओढली होती.

शेवटचा हिशेब असा: एकूण २५७ छाप ओढले, ४१ बाद, २१६ चांगले, त्यातले १५६ पुस्तकात. साठ छापांच्या मागे शिक्का मारून ते एका खोक्यात ठेवले आहेत. ते विकायचे नाहीत असं ठरवलं.

नोव्हेंबर वाळवण्यात गेला. जवसाच्या तेलातली शाई वरून कोरडी वाटते आणि आतून ओली असते. झिगझॅगमध्ये छापलेल्या बाजू तोंडाला तोंड लावून बसतात. तीन आठवडे थांबून मी आदर्श प्रत जोडली आणि वजनाखाली ठेवली. सकाळी उघडली तर चौथ्या पानाचा काळा रंग पाचव्या, जवळजवळ कोऱ्या पानावर उतरला होता. नशीब एवढंच की पाचव्या पानाचे छाप शिल्लक होते. पुढे सगळ्या पानांमध्ये टिश्यू घालून आणखी पाच आठवडे थांबले. एक सोपी परीक्षा: सगळ्यात जाड शाईच्या जागी पांढरा टिश्यू ठेवून अंगठ्याने जोरात दाबा. टिश्यूवर जरा जरी रंग आला तरी बांधणीला हात लावू नका.

जानेवारी २०२४ मध्ये प्रदर्शनाचं निवडीचं पत्र आलं. आनंदाच्या आधी मला त्या रकान्यातले २० आठवले. त्याच दिवशी आयोजकांना लिहिलं की ड्रायपॉइंटची प्लेट झिजल्यामुळे एडिशन १० ची झाली आहे, कृपया नोंद बदलावी. उत्तर यायला अकरा दिवस लागले. एका ओळीचं होतं, नोंद बदलली आहे म्हणून. अकरा दिवस मी उगाच घाबरून काढले. छापून व्हायच्या आधी अर्ज करायची वेळ आली, तर एडिशनपुढे ‘नियोजित’ असं लिहा.

बांधणी महिनाभर चालली. पानं जोडायला पातळ कोझो (तुतीच्या सालीच्या जपानी) कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. खळ चुकली तर ओलं करून सोडवता येते, पांढऱ्या गोंदाला ती सोय नाही. पुठ्ठ्यांना पहिल्यांदा फक्त बाहेरून कागद चढवला आणि रात्रभर तसेच ठेवले. कागद वाळताना आकसला आणि पुठ्ठे होडीसारखे वाकले. आतल्या बाजूला त्याच कागदाचं, त्याच तंतूदिशेचं अस्तर लावून दोन दिवस दाबाखाली ठेवल्यावर सरळ झाले. शेवटच्या पानामागे छपाईची नोंद: तंत्रं पानवार, कागद, शाई, प्रतींची संख्या, वर्ष, सही. हे पान कंटाळून घाईने लिहू नका. पुढे सगळी कागदपत्रं ह्याच पानावरून भरली जातात.

मार्चमध्ये ती कागदपत्रं सुरू झाली. मला सगळ्यात जास्त भीती यांचीच होती. पाठवणीच्या फॉर्मवर वस्तूचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक, लागतो. छापील पुस्तकं ४९०१ मध्ये येतात, मूळ मुद्राचित्रं ९७०२ मध्ये. माझं पुस्तक दोन्ही होतं. ९७०२ ची व्याख्या वाचली तर कलाकाराने संपूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेले छाप त्यात बसतात, यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धतीचे बसत नाहीत. अकरा पानं बसत होती. फोटोपॉलिमरचं बारावं अडत होतं. मी स्वतः कोड ठरवला नाही. पानवार तंत्रांची यादी, प्लेट्सचे फोटो आणि छपाईची नोंद कस्टम्स एजंटला दिली आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर घेतलं. तुमच्या वस्तूचं उत्तर वेगळं असू शकतं, म्हणून माझा कोड इथे देत नाही. मात्र ही यादी कुणीही तुमच्याकडे मागेलच, ती आधीच तयार ठेवा.

पुस्तक विकायला नाही, दाखवून परत आणायला जात होतं, म्हणून एटीए कार्ने केला. तात्पुरत्या निर्यातीचा हा कागद वर्षभरापर्यंत चालतो, त्यासाठी हमी भरावी लागते, आणि यादीतली वस्तू जशी गेली तशी परत यावी लागते. यादीत मी पुस्तक आणि त्याचं खोकं वेगवेगळ्या ओळींत लिहिलं, वजनासकट. परतीच्या वेळी प्रत्येक शिक्का मारून घ्यायला आयोजकांना पत्रात वेगळं कळवा. एक शिक्का राहिला तर हमी अडकते.

विम्याची किंमत ठरवताना मी अडले. कागद आणि तास मोजून आकडा फार लहान येत होता. शेवटी स्वतःला विचारलं, ही प्रत हरवली तर दुसरी करता येईल का? सातवी प्लेट संपली आहे, तेव्हा नाही. म्हणून नऊ प्रतीच उरतील असं धरून आकडा लिहिला. हाताळणीच्या रकान्यात लिहिलं: धुतलेले, कोरडे हात, हातमोजे नकोत. सुती मोज्यांत कागदाची कड कळत नाही आणि पान दुमडतं. प्रत्येक पानाचे बाजूने प्रकाश टाकून फोटो काढले, कारण चौकटीचा उठाव समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.

एप्रिलच्या शेवटी ३/१० ही प्रत गेली. प्रदर्शन जूनमध्ये होतं. मी जाऊ शकले नाही. एक फोटो आला: पुस्तक टेबलावर उभं आहे आणि कुणीतरी खाली वाकून, डोळे पानांच्या उंचीवर आणून दुपार पाहतं आहे.

ऑगस्टमध्ये पार्सल परत आलं, सगळे शिक्के होते. सोबत स्थितीचा अहवाल होता, त्यात एकच नोंद: सहाव्या आणि सातव्या पानामधला जोड सैल. बाकी सगळे जोड कडक होते. लोक सातव्यापर्यंत येऊन मागे गेले होते, पुन्हा सातव्यावर आले होते, तेवढ्या एकाच जागी. जुनी पट्टी ओल्या ब्रशने सोडवली, त्याच कोझोची नवी पट्टी लावली, दोन दिवस वजनाखाली ठेवली आणि छपाईच्या वहीत ३/१० पुढे दुरुस्तीची तारीख लिहिली.